डिग्रीभाऊ आणि निळं पावणं

खोडदमध्ये दादाभाऊंना समोर सगळे दादाभाऊ म्हणतात आणि पाठीमागं डिग्रीभाऊ. कॉलेजशी याचा काही संबंध नाही. दादाभाऊ नववीतून सुटले ते सुटलेच. ही डिग्री दुधाची. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते गेली तेहेतीस वर्षं उंच नळकांड्यात दूध ओततात, त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडतात, आणि तो डुलायचा थांबला की एक डोळा मिटून आकडा वाचतात. दूध कसदार असेल तर आकडा वर, पाणी घातलेलं असेल तर खाली. अठ्ठावीसच्या खाली गेला की दादाभाऊ काही बोलत नाहीत. नुसतं किटलीला झाकण लावतात आणि किटली परत देतात. ते झाकण शिवीपेक्षा जास्त लागतं.

या झाकणातून त्यांचा सख्खा मेव्हणाही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा दादाभाऊंच्या पानापाशी आला की पळ काढतो. घरात चहाच्या दुधात पाणी घालताना त्यांच्या पत्नी उज्ज्वलावहिनी आजही दाराकडं पाठ करून उभ्या राहतात. एका माणसाचा एका पदार्थावर इतका राग असू शकतो, आणि तो पदार्थ पाणी असू शकतो, हे दादाभाऊंना पाहिल्याशिवाय पटत नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी कुशाबाईंचं दूध परत केलं. डिग्री चोवीस. कुशाबाई म्हणाल्या, "पावसाचं गवत खाल्लंय म्हशीनं, तिला पानी सुटलंय." दादाभाऊंनी झाकण लावलं. त्या दिवसापासून कुशाबाई दूध दुसऱ्या डेअरीला घालतात. जायचा रस्ता मात्र याच केंद्रावरून. बोलणं बंद असल्यामुळं त्या जाता-येता म्हशीशी बोलतात, दादाभाऊंना ऐकू जाईल अशा बेतानं. "चल गं बाय. हितं मानसाची पारख नाय, काचंची हाय."

तर अशा माणसाच्या घरी पाहुणा आला तो समुद्राचा.

त्याचं असं झालं. गावाच्या शिवाराला लागून आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. त्यांची यंत्रं सांभाळणाऱ्यांतला एक धम्मपाल. माणूस मूळचा अवसरी बुद्रुकचा, पण नोकरीमुळं खोडदलाच घर बांधून राहिलेला. दिवसभर आकाशातली कुजबूज ऐकायची आणि घरी येऊन समुद्राकडं बघत बसायचं, असा त्याचा नेम. समुद्र म्हणजे तीनशे लिटरची काचेची पेटी. तीत खारं पाणी, दगड, दोन-तीन प्रवाळ आणि मधोमध एक जिवंत शिंपला. शिंपला चौसष्ट मिलिमीटरचा, पण ऐट मोरासारखी. कवच उघडून तो आतली मखमल बाहेर पसरायचा. गर्द निळी, कडेला मोरपंखी ठिपके, उजेडात अशी चमकायची की बघणाऱ्याचा चहा निवायचा. समुद्रातून उपटून आणलेला नव्हे, शिंपल्यांच्या शेतीत वाढवलेला. त्याचे सगळे परवाने आणि सरकारी नोंदी धम्मपालनं फाईल करून ठेवल्या होत्या. गावात काही सातबारे इतके स्वच्छ नव्हते.

एप्रिलच्या सुरुवातीला धम्मपालला दोन वर्षांसाठी दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरलं. तिथं नवी दुर्बीण उभी राहत होती. कल्याणी, त्याची बायको, तीही बरोबर जाणार. घराला कुलूप. शिंपला कुलपात राहत नाही.

धम्मपाल केंद्रावर आला. "दादाभाऊ, तुमच्याकडं दूध गार ठेवायला जनरेटर हाय. गावात लाईट गेली तरी तुमच्याकडं जात नाय. एवढं माझं पावणं दोन वर्षं ठेवून घ्या."

दादाभाऊंना नाही म्हणता येईना. तीन वर्षांपूर्वी केंद्राचं फॅट मोजायचं यंत्र वेड्यासारखं आकडे दाखवायला लागलं होतं. सगळा गाव म्हणत होता की डिग्रीभाऊनंच काहीतरी केलंय. तेव्हा याच धम्मपालनं संध्याकाळभर बसून ते दुरुस्त केलं होतं, आणि दादाभाऊंची अब्रू वाचली होती.

"जसा देताय तसा परत घ्या," दादाभाऊ म्हणाले. "कमी भरला तर केंद्राची किल्ली तुमच्या हातात देतो आन् घरी बसतो."

हे ते दहा-बारा माणसांसमोर बोलले. दादाभाऊंनी शब्द देणं आणि ग्रामपंचायतीनं ठराव करणं यात फरक इतकाच, की दादाभाऊंचा शब्द अंमलात येतो.

पेटी केंद्राला लागून असलेल्या दादाभाऊंच्या घरी, पुढच्या खोलीत आली. धम्मपालनं चार पानी वही लिहून दिली. त्याचं खारेपणा मोजायचं यंत्र त्याला बरोबर न्यायचं होतं, पण दादाभाऊंचा लॅक्टोमीटर पाण्यात सोडून पाहिला तर त्याचा जीव भांड्यात पडला. समुद्राच्या पाण्याचा आकडा दुधाच्या काडीवर नेमका सव्वीसला आला. "हे सोडा सकाळ-संध्याकाळ. सव्वीस म्हंजी समुद्र. मंग मला काळजी नाय."

दादाभाऊंना तर आनंदच झाला. देवानं समुद्र केला तो दूध मोजायच्याच काडीनं, हे त्यांना मनापासून पटलं.

पहिल्या चार दिवसांत निम्मा गाव बघून गेला. सगळ्यांचा प्रश्न एकच, "खातंय काय?"

"ऊन," दादाभाऊ सांगायचे. "त्या निळ्या कातडीत बारीक शेवाळ असतंय. उजेड पडला की शेवाळ पिकतंय, आन् त्याच्यावर ह्याचं पोट."

"म्हंजी अंगातच शेती?" मेव्हण्यानं विचारलं. "ना मजूर, ना बाजार. दाजी, पुढल्या जन्मी शिंपलाच व्हावं."

"तू आत्ताच हायेस," उज्ज्वलावहिनी भावाला म्हणाल्या. "दिवसभर तोंड उघडं आन् काम नाय."

पाचव्या दिवशी ऊन तापलं. पाणी गरम होऊ नये म्हणून वहीत लिहिल्याप्रमाणं दादाभाऊंनी पेटीवर पंखा लावला. पंख्यानं पाणी गार राहिलं, पण उडायलाही लागलं. रोज तीन-चार लिटर. वहीत पुढचं वाक्य होतं: 'पातळी खाली गेली की साधं गोडं पाणी घालावं.'

दादाभाऊंनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. आत उज्ज्वलावहिनींना म्हणाले, "धम्मपालची गडबडीत चूक झालीय लिहिण्यात. साधं पानी घाला म्हनतोय."

"मंग घाला की."

"आगं, असल्या मालात पानी घालायचं?"

तेहेतीस वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध माणूस लढला, ती त्यानं स्वतःच्या घरात, पाहुण्याच्या पेटीत, दिवसाढवळ्या करायची? दादाभाऊंनी पेनानं 'गोडं' खोडलं आणि वर 'खारं' लिहिलं. आणि रोज, धम्मपालनं ठेवलेलं समुद्राचं मीठ मोजून, चोख खारं पाणी करून पेटीत ओतायला लागले.

आता झालं काय, की पाणी उडतं पण मीठ उडत नाही. ते तिथंच बसतं. वरून रोज आणखी पडत होतं. लॅक्टोमीटर चढू लागला. सत्तावीस. अठ्ठावीस. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. दादाभाऊ खूश झाले. आयुष्यभर आकडा चढला की माल चांगला, हेच ते शिकले होते आणि त्यांनी शिकवलं होतं. एकोणतीस झालं त्या दिवशी ते केंद्रावर आल्या-गेल्याला सांगत होते, "धम्मपालनं सव्वीसचा दिला व्हता. मी एकोणतीसवर नेलाय."

बाराव्या दिवशी आकडा तीसला लागला आणि पावणं मिटलं.

पूर्ण मिटलं असतं तरी बरं. निळी मखमल आक्रसून आत गेली, कडा सुरकुतल्या, आणि पाणी आत घ्यायचं मधलं भोक नुसतं वासून राहिलं. ज्यानं कधी शिंपला पाहिला नाही त्यालाही कळावं, की हा जीव बरा नाही. उज्ज्वलावहिनींनी पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

दादाभाऊंनी धम्मपालला फोन लावला. कॅमेरा पेटीकडं धरला. पलीकडं धम्मपाल डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून कुठल्याशा माळरानावर उभा होता.

"डिग्री किती?" त्यानं विचारलं.

"तीस," दादाभाऊ म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

पलीकडं धम्मपालनं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"दादाभाऊ, सव्वीस म्हंजी सव्वीस. ते दूध नाय. गोडं पानी घातलं न्हवतं का?"

"मी... चूक वाटली मला. दुरुस्त केली."

"मीठ वाढलंय. त्याचं आंग आतून सुकतंय," धम्मपाल सावकाश म्हणाला. तो रागावला नाही, आणि त्यामुळंच दादाभाऊंना जास्त लागलं. "आजपासून रोज दहा लिटर खारं काढा, दहा लिटर गोडं घाला. पानी नळाचं नको, बोरचं नको, फिल्टरचं. एकदम नाय, सावकाश. एका दिवसात एकच डिग्री उतरवा. एकदम उतरवली तर त्यानंच मरंल."

"वाचंल का?"

"पानी घाला, दादाभाऊ," धम्मपाल एवढंच म्हणाला.

उज्ज्वलावहिनी पाण्याच्या एटीएमवरून वीस लिटरचा जार घेऊन आल्या. दादाभाऊंनी खारं पाणी काढलं, तांब्यात गोडं घेतलं आणि पेटीपाशी उभे राहिले. तांब्या हातात, हात हवेत. हात पुढं जाईना. मन सगळं मान्य करत होतं. पण हाताला तेहेतीस वर्षांची सवय होती, आणि हाताला आफ्रिकेतून फोन आला नव्हता.

तेवढ्यात दारात सावली पडली. कुशाबाई. गावात बातमी रस्त्यानं जात नाही, भिंतीतून झिरपते. डिग्रीभाऊ पाणी घालणार आहे, हे ऐकून त्या म्हैस बाहेर बाभळीला बांधून थेट आत आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण चेहऱ्यावर जत्रेला आलेल्या पोरीचा उजेड. अकरा वर्षांनी त्या पहिल्यांदा म्हशीला सोडून दादाभाऊंशी बोलल्या.

"थांबलास का? घाल की."

दादाभाऊंनी तांब्या पेटीवर नेला आणि पुन्हा मागं घेतला.

"तुझ्यानं व्हायचं नाय. आन हिकडं." त्यांनी तांब्या काढून घेतला. "किती घालायचं, कसं घालायचं, समद्यांपुढं घालूनबी दिसू कसं द्यायचं नाय, मला लई सराव हाय."

उज्ज्वलावहिनींनी पदर तोंडाला लावला. दादाभाऊंनी मान वर केली. "मावशी, म्हंजी त्या दिशी..."

"तांब्यानंच व्हतं," कुशाबाई धार न मोडता म्हणाल्या. "गवताचं नाव फुकट घेतलं. लेकीला लुगडं घ्यायचं व्हतं, आन् म्हस आटली व्हती. मला वाटलं, एवढ्या एका तांब्यानं काय व्हतंय. तुला कळलं. लबाडाला राग येतोय तो धरल्याचा, बाबा. लबाडीचा नाय."

एवढं बोलून त्यांनी दुसरा तांब्या भरला. पाणी पेटीत पडताना आवाज नव्हता. केसाएवढी धार, एका कोपऱ्यात, पंपाच्या प्रवाहात मिसळेल अशी. दादाभाऊ बघत राहिले. इतक्या सफाईनं घातलेलं पाणी आपण तरीही पकडलं होतं, या विचारानं त्यांना त्याही परिस्थितीत जरा बरं वाटलं.

चार दिवस हेच चाललं. सकाळी पाच तांबे, दुपारी पाच, संध्याकाळी उरलेले. कुशाबाई घालायच्या, दादाभाऊ मोजायचे. एकोणतीस. अठ्ठावीस. सत्तावीस. चौथ्या दिवशी संध्याकाळी सव्वीस, काडीच्या रेघेला रेघ. या चार दिवसांत दादाभाऊ नीट जेवले नाहीत. केंद्रावर मेव्हण्याचं दूध सत्तावीस भरलं ते त्यांनी पाहिलं, आणि झाकण न लावता म्हणाले, "उद्या जरा बघून आन." मेव्हणा घाबरून घरी गेला आणि बहिणीला म्हणाला, "दाजींना दवाखान्यात न्यावं लागंल."

पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी काही नाही. केंद्राच्या किल्ल्यांचा जुडगा दादाभाऊंनी कमरेचा काढून देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. सातव्या दिवशी सकाळचं दूध संपवून ते घरात आले तर उज्ज्वलावहिनी पेटीसमोर पाटावर बसल्या होत्या, आणि कवचाच्या फटीतून नखाएवढी निळाई बाहेर आली होती.

"सकाळधरनं बघतीय," त्या हळूच म्हणाल्या. "मगाशी एवढीबी नव्हती."

आठवडाभरात पावणं पहिल्यासारखं पसरलं. दादाभाऊंनी वहीतलं 'खारं' खोडून पुन्हा 'गोडं' लिहिलं आणि शेजारी सही केली.

तरी गोष्ट पुरी झाली नव्हती. जीव वाचला, पण वाढेना. वाढता शिंपला कवचाच्या कडेला नवी पांढरी किनार धरतो, असं वहीत होतं. पावसाळा गेला तरी किनार दिसेना. कवचाला कॅल्शियम लागतं, त्याची भुकटी धम्मपालनं ठेवली होती, ती संपली. नवी मागवली तर कुरिअरवाला ती एकदा नारायणगावलाच ठेवून गेला आणि एकदा ओली करून घेऊन आला. 'जसा देताय तसा परत' एवढाच शब्द होता, हे खरं. पण मधे एकदा आपल्या हातून तो मरता मरता वाचलाय. आता नुसता तसाच परत करणं दादाभाऊंच्या मनाला कमीच भरत होतं.

कुशाबाई आता रोज येत होत्या. दूधही आता इथंच घालत होत्या, बत्तीस डिग्री, आणि मोजताना समोर उभ्या राहून दादाभाऊंच्या तोंडाकडं बघत. त्या म्हणाल्या, "शिंपला म्हंजी काय? चुनाच की. पयल्या काळी शिंपले भाजूनच चुना करायचे. मंग त्याला चुन्याची निवळी दे."

दादाभाऊंनी यावेळी काहीही दुरुस्त केलं नाही. आधी फोन केला. पलीकडून धम्मपाल हसला. "जगात मोठमोठे लोक हेच करत्यात, दादाभाऊ. फक्त खायचा डबीतला चुना नको. कळीचा आना. आन् गाळ नाय, वरचं नितळ पानीच. तेबी थेंब थेंब, नायतर पानी तेज व्हईल."

कळीचा चुना कुशाबाईंनी आणला. गोड्या पाण्यात विरघळवला, रात्रभर निवळत ठेवला. थेंब थेंब कसं घालायचं, तो प्रश्न जनावरांचे डॉक्टर ऋषी यांनी सोडवला. गाईला सलाईन लावायची नळी त्यांनी पेटीच्या वर खिळ्याला टांगली, चाक फिरवून थेंब बांधले, आणि जाताना सवयीनं म्हणाले, "दोन दिवस हिरवा चारा देऊ नका."

उडणाऱ्या पाण्याच्या जागी निवळी पडू लागली. पाण्याची पातळी सांभाळली, खारेपणा सांभाळला, वर कवचाला चुना मिळाला. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात दादाभाऊंनी दूध नीट बघायचा भिंगाचा चष्मा लावून पाहिलं, तर कवचाच्या कडेला दोऱ्याएवढी पांढरीशुभ्र रेघ. त्यांनी उज्ज्वलावहिनींना दाखवली, वहिनींनी कुशाबाईंना, आणि कुशाबाईंनी त्या दिवशी भेटलेल्या सगळ्या खोडदला. त्या वर्षी शेजारणींनी फराळाची ताटं पावण्याच्या समोर आणून ठेवली. खाल्ली दादाभाऊंनी.

दोन वर्षांनी, ठरल्या महिन्यात, धम्मपाल आणि कल्याणी परत आले. घर उघडलं, धुतलं. पेटी रिकामी करून त्यांच्याकडं हलवली, तेच दगड, तेच पाणी. आणि पावणं गेलं ते दुधाच्या चाळीस लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये, टेम्पोत, दादाभाऊंच्या मांडीशी. मागं पंधरा-सोळा माणसं चालत. उज्ज्वलावहिनींनी निघताना कॅनला कुंकू लावलं आणि आत जाऊन जरा वेळ भांडी जास्तच आवाज करत घासली.

धम्मपालनं कॅनमधनं शिंपला हातात घेतला आणि यंत्राचे बारीक भाग मोजायची पट्टी लावली.

"एक्याण्णव."

"पुन्हा मापा," दादाभाऊ म्हणाले. "एकदा मापलेलं मी धरत नाय."

धम्मपालनं पुन्हा मापलं. "एक्याण्णवच, दादाभाऊ. दिला व्हता चौसष्ट."

मेव्हण्यानं मागून हिशोब केला, "म्हंजी सत्तावीस मिलिमीटर नफा." कुणी हसलं नाही, कारण शिंपला पेटीत ठेवला होता, आणि तो मिटला होता.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. घट्ट मिटलेला. कल्याणीच्या कपाळावर आठी आली. धम्मपाल पाण्यात वाकून बघू लागला. मागची माणसं त्याच्या खांद्यावरून वाकली. दादाभाऊंनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं, एकदा खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं, आणि केंद्रावर रांग मोडली की जो आवाज लावतात तो लावला.

"खाली बसा समदे."

"आं?"

"सावली पाडताय त्याच्यावर. सावली पडली की त्याला वाटतंय कुनीतरी खायला आलं. बसा. धम्मपालभाऊ, तुमीबी."

दुर्बिणीवरचा माणूस फरशीवर बसला. कल्याणी बसली. मेव्हणा, डॉक्टर ऋषी, टेम्पोचा ड्रायव्हर, भजनी मंडळातले तिघे, सगळे मांड्या घालून बसले, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, काचेकडं तोंड करून. कुशाबाईंचे गुडघे वाकत नव्हते, त्या भिंतीला पाठ लावून सावकाश घसरत खाली आल्या. एकटे दादाभाऊ उभे, तेही दाराच्या आडोशाला, सावली बाहेर पडेल असे.

ऊन पाण्यात सरळ उतरलं. कवच केसभर हललं. मग फट पडली, फटीतून निळी कड आली, आणि ती थांबेचना. उलगडत, पसरत, दोन्ही बाजूंनी कवचाबाहेर लोंबायला लागली. दोन वर्षांपूर्वी मूठभर होती, ती आता ओंजळभर. ठिपके असे पेटले, की समोर बसलेल्यांच्या तोंडांवर निळा उजेड हलायला लागला.

"डिग्री किती ठिवलीय?" कुशाबाईंनी खालूनच विचारलं.

"सव्वीस," धम्मपाल काचेवरची नजर न काढता म्हणाला.

दादाभाऊंनी दाराच्या आडून मान पुढं केली, सावली पडणार नाही एवढी बघून. उठायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कल्याणीनं चहा तिथंच, फरशीवर, बसल्या-बसल्या दिला, आणि दादाभाऊंनी तो उभ्यानं प्यायला.